लागत नसलेला माल एमआरपी मागतोय? आधी आरईएसबी बघा

पर्चेसमधून फोन येतो, "मॅडम, ६३०५ बेअरिंगची पीआर परत पडलीय. खरंच लागणार आहेत का?" मी स्टोअरला विचारते. रॅकवर १२० नग आहेत. या आठवड्याच्या असेंब्लीला ८० लागतील. म्हणजे ४० उरायला हवेत. तरीही सॅप सिस्टीममधल्या एमआरपीने, म्हणजे कुठला माल किती आणि कधी लागेल ते मोजणाऱ्या हिशोबाने, १५० नगांची पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, काढलेली असते.

मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या पंपाच्या एका कारखान्यात पीपीसीत, म्हणजे उत्पादन नियोजनात, काम करते. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून या जिल्ह्याला पंपाचं काम ठाऊक आहे, लोकांचे हात बसलेले आहेत. आमच्याकडे गोंधळ मशीनवर क्वचितच होतो, होतो तो नोंदीत. वर सांगितलेली तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे, की फोन आला की कुठलं टेबल उघडायचं ते आता ठरून गेलंय. सॅपच्या पीपी (उत्पादन नियोजन) मॉड्यूलवर काम करणाऱ्या प्लॅनर, स्टोअर आणि पर्चेसच्या माणसांसाठी तो सगळा क्रम इथे लिहिते आहे. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासण्या आहेत, वेळखाऊ आणि जोखमीच्या शेवटी.

लक्षणं

पहिलं लक्षण वर आलंच: साठा पुरेसा असताना पीआर किंवा प्लॅन्ड ऑर्डर (सिस्टीमने सुचवलेली, अजून पक्की न झालेली ऑर्डर) पडते. दुसरं, एमडी०४ या साठा आणि मागणीच्या स्क्रीनमध्ये मागणीच्या ओळी मागच्या तारखांच्या दिसतात, काही तर दोन-तीन महिने जुन्या. तिसरं, पीआर हाताने डिलीट केली तरी रात्रीच्या एमआरपीनंतर सकाळी ती पुन्हा हजर असते. चौथं लक्षण सहसा कोणी या दुखण्याशी जोडत नाही: महिनाअखेरीला कॉस्टिंगवाले विचारतात, "या ऑर्डरी अजून उघड्या का?" दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं.

उलटी तक्रार, म्हणजे माल लागतोय आणि एमआरपी मागतच नाही, हा वेगळा आजार आहे. त्याची एक-दोन कारणं खाली ओघात येतील, पण हा लेख त्यावर नाही.

टेबलांची नावं कशी लक्षात ठेवायची

सॅप कंपनी १९७२ साली जर्मनीत सुरू झाली आणि तिच्या टेबलांची नावं जर्मन शब्दांवरून पडली आहेत. ऑर्डरला जर्मनमध्ये 'आउफ्ट्राग' म्हणतात, म्हणून प्रॉडक्शन ऑर्डरची टेबलं 'एएफ'ने सुरू होतात. शेवटी 'केओ' असेल तर ते डोक्याचं टेबल, म्हणजे हेडर, कारण डोकं म्हणजे 'कोप्फ'. 'पीओ' असेल तर ओळींचं. एएफकेओ हे ऑर्डरचं हेडर, एएफपीओ ऑर्डरची ओळ. एसटीकेओ आणि एसटीपीओ बीओएमची (भागांच्या यादीची), पीएलकेओ आणि पीएलपीओ राउटिंगची (कामाच्या पायऱ्यांची). प्लॅन्ड ऑर्डर पीएलएएफमध्ये राहते. मटेरियल मास्टरची तीन टेबलं सगळे जण मारा, मार्क, मार्ड अशीच म्हणतात: मारा सर्वसाधारण माहितीचं, मार्क प्लांटचं, मार्ड स्टोरेज लोकेशनच्या साठ्याचं.

आणि आरईएसबी. कुठल्याही ऑर्डरला कुठला भाग किती हवा आणि त्यातला किती दिला, याची एकेक ओळ इथे असते. प्लॅन्ड ऑर्डरच्या मागण्याही इथेच आणि हाताने केलेली रिझर्वेशनं, म्हणजे माल राखून ठेवल्याच्या नोंदी, त्याही इथेच. एमआरपी मागणी मोजतो तेव्हा बराचसा हिशोब याच ओळींचा असतो. असेंब्ली लाइनवर काम संपलं की नाही, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नाही.

टेबलं एसई१६एन मधून बघायची, तीही फक्त बघायचीच. आरईएसबी उघडताना मटेरियल नंबर आणि प्लांट घातल्याशिवाय एक्झिक्यूट करू नका. हे टेबल अवाढव्य असतं, मोकळं सोडलं तर तुमचा स्क्रीन अडकतो आणि सर्व्हरवर बाकीच्यांचंही काम मंदावतं.

पहिली तपासणी: एमडी०४ बघताय की एमडी०५?

एमडी०५ ही मागच्या एमआरपी रनच्या वेळची यादी आहे. रन झाल्यावर माल आला, इश्यू झाला (स्टोअरमधून दिला गेला), ऑर्डर बंद झाली, तरी एमडी०५ जुनंच दाखवते. एमडी०४ त्या क्षणाची स्थिती दाखवते. पर्चेसमधल्या एका नव्या मुलाने एमडी०५ चा प्रिंट पुढे ठेवून आमच्याशी अर्धा तास वाद घातला होता. त्याची चूक नव्हती, त्याला तेच शिकवलं होतं. म्हणून ही तपासणी पहिली. एमडी०४ उघडा, रिफ्रेश करा आणि तक्रार अजून शिल्लक आहे का ते बघा.

शिल्लक असेल तर प्रत्येक ओळीचा प्रकार वाचा. ऑर्डररेस म्हणजे प्रॉडक्शन ऑर्डरचं रिझर्वेशन. डेपरेक म्हणजे प्लॅन्ड ऑर्डरमधून आलेली मागणी. सेफ्टी स्टॉकची ओळ वेगळी असते, फोरकास्टची वेगळी. पुढची वाट यावरूनच ठरते.

दुसरी: मार्कमधले आकडे

एमएम०३ मध्ये एमआरपीचे टॅब उघडा. सेफ्टी स्टॉक, किमान लॉट, राउंडिंग व्हॅल्यू, लॉट साइझ. हे सगळे आकडे मार्क टेबलात असतात. आमच्या बेअरिंगची पीआर १५० ची का पडली, तर किमान लॉट १५० होता म्हणून. कमतरता खरं तर ६० नगांचीच दिसत होती. पीआरचा आकडा बघून घाबरण्याआधी कमतरतेचा आकडा काढायचा तो यासाठी.

कोणीतरी टंचाईच्या काळात सेफ्टी स्टॉक वाढवून ठेवतो आणि टंचाई सरल्यावर तो कमी करायचं राहून जातं, हेही इथेच सापडतं. हा बदल दोन मिनिटांचा आहे, पण तो पर्चेसला विचारूनच करा.

तिसरी: साठा मोजला जातोय का

एमएमबीई उघडून साठा कुठल्या खान्यात आहे ते बघा. ब्लॉक केलेला साठा एमआरपी साधारणपणे धरत नाही. इन्स्पेक्शनमधला धरतो. काही स्टोरेज लोकेशनं एमआरपीतून वगळलेली असतात, तिथला माल डोळ्यांना दिसतो पण हिशोबात येत नाही.

आमच्या भागात जॉबवर्क फार. कास्टिंग मशिनिंगला बाहेर जातं आणि परत येतं. ५४१ मूव्हमेंटने (माल जॉबवर्कला पाठवल्याच्या नोंदीने) पाठवलेला माल व्हेंडरच्या नावावर एमएसएलबी टेबलात जातो. नुसत्या चलनावर गेला आणि ५४१ पडलं नाही, तर सिस्टीमच्या मते तो अजून आपल्याच स्टोअरमध्ये असतो. जॉबवर्कच्या भागाबद्दल तक्रार असेल तर चलनाची फाइल आणि एमएसएलबी शेजारी ठेवून ताडून बघा.

तुमच्याकडे एस/४हाना, म्हणजे सॅपची नवी आवृत्ती, असेल तर एक लक्षात असू द्या. तिथे मालाच्या हालचाली एमएटीडीओसी या एकाच टेबलात साठवल्या जातात. मार्ड आणि एमएसईजी उघडली तर आकडे दिसतात, पण ते तिथूनच काढून दाखवलेले असतात.

चौथी: मागच्या तारखेची ऑर्डररेस ओळ

बहुतेक वेळा घोडं इथेच अडलेलं असतं, म्हणून इथे मी वेळ घेते.

एमडी०४ मध्ये बेअरिंगची ओळ होती: ऑर्डररेस, उणे १००, तारीख तीन महिन्यांपूर्वीची. १२० मधून हे १०० वजा, मग या आठवड्याचे ८० वजा, झाले उणे ६०. किमान लॉट १५०. पीआरचं कोडं सुटलं. पण ते १०० कुणाचे?

त्या ओळीवर डबल क्लिक करून ऑर्डर उघडली. २०० पंपांची ऑर्डर होती. पंपाला दोन बेअरिंग, म्हणून ४०० ची गरज. स्टेटसच्या ओळीत आरईएल (रिलीज) होतं, डीएलव्ही होतं, म्हणजे २०० च्या २०० पंप स्टोअरला जमा झालेले. पंप तर गिऱ्हाइकाकडे पोचूनही दिवस झाले होते. तरी बेअरिंगच्या ओळीत गरज ४०० आणि दिलेले ३००.

हे नीट समजून घेतलं पाहिजे. पंपांचा शेवटचा १०१, म्हणजे स्टोअरला जमा झाल्याची नोंद, झाला की पंपाच्या एमडी०४ मधून ती ऑर्डर निघून जाते, कारण यायचं काही शिल्लक राहत नाही. प्लॅनर पंपाचा स्क्रीन बघतो, त्याला सगळं स्वच्छ दिसतं. पण त्या ऑर्डरच्या भागांची रिझर्वेशनं तशीच उघडी राहतात. जोवर तो भाग पूर्ण इश्यू होत नाही, किंवा त्या ओळीवर फायनल इश्यूची (आता आणखी द्यायचं नाही अशी) खूण होत नाही, किंवा ऑर्डर टेको (सिस्टीममध्ये काम संपलं अशी बंद) होत नाही, तोवर एमआरपी ती मागणी धरतच राहतो.

आरईएसबीमध्ये हेच असं दिसतं. मटेरियल आणि प्लांट घाला. एक्सएलओईके हा डिलीट झालेल्या ओळीचा रकाना रिकामा असलेल्या ओळी घ्या, केझेडईएआर हा फायनल इश्यूचा रकानाही रिकामा घ्या, आणि बीडीएआरटी या रकान्यात 'एआर' घाला, म्हणजे फक्त ऑर्डरची रिझर्वेशनं येतील. 'एसबी' आलं तर ती प्लॅन्ड ऑर्डरची मागणी. मग चार रकाने शेजारी ठेवा: गरजेची तारीख बीडीटीईआर, गरज बीडीएमएनजी, दिलेलं ईएनएमएनजी आणि ऑर्डर नंबर. गरजेतून दिलेलं वजा करा. जुन्या तारखेला काही शिल्लक दिसलं की त्या ऑर्डरचं स्टेटस बघायचं.

मग उरलेले १०० बेअरिंग खरोखर दिलेच नव्हते का? दिले होते. पंपात बसले होते. एमबी५१ या मालाच्या हालचालींच्या यादीत त्या ऑर्डरच्या २६१ च्या, म्हणजे ऑर्डरला माल दिल्याच्या, हालचाली काढल्या, तर एकूण ४०० निघाले. त्यातल्या ३०० समोर रिझर्वेशन नंबर होता, १०० समोर तो रकाना रिकामा. म्हणजे ते शंभर रिझर्वेशनचा संदर्भ न घेता, नुसता ऑर्डर नंबर टाइप करून दिलेले. अशा इश्यूने साठा कमी होतो, खर्चही बरोबर त्या ऑर्डरवर पडतो, पण रिझर्वेशनची ओळ हलत नाही.

मी स्टोअरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "रात्रपाळीला माल द्यायचा होता ओ मॅडम. लिस्ट उघडंना, मग ऑर्डर नंबर घातला आन् दिला. माल त्या ऑर्डरलाच गेलाय की." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांनी लाइन थांबू दिली नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, की एमआयजीओ या माल देण्या-घेण्याच्या स्क्रीनमध्ये ऑर्डरचा संदर्भ घेतला की यादी आपोआप येते आणि त्या यादीतूनच दिलं तर रिझर्वेशन कमी होतं. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून चार इश्यू करून घेतले. त्यांच्या हातून ती चूक पुन्हा झालेली नाही.

उपाय ऑर्डर कुठल्या अवस्थेत आहे त्यावर अवलंबून. ऑर्डर चालू असेल, तर संदर्भाशिवाय दिलेला माल २६२ ने (२६१ च्या उलट्या नोंदीने) परत घेऊन यादीतून पुन्हा द्या. एखाद्याच भागाचा प्रश्न असेल आणि तो आता लागणारच नसेल, तर सीओ०२ या ऑर्डर बदलायच्या स्क्रीनमध्ये त्या ओळीवर फायनल इश्यूची खूण करता येते. ऑर्डर संपलेली असेल, तर टेको.

पाचवी: एक ऑर्डर सापडली म्हणजे आणखी असणार

टेको म्हणजे टेक्निकली कम्प्लीट. ती केली की ऑर्डर आणि तिच्या उरलेल्या मागण्या एमआरपीच्या हिशोबातून जातात, वर्क सेंटरवर अडवून ठेवलेली कपॅसिटीही मोकळी होते. खर्चाच्या नोंदी राहतात. चुकून केली तर सीओ०२ मधूनच मागे घेता येते. ऑर्डरला डिलिशन फ्लॅग लावणं हा यावरचा उपाय नव्हे, ती पुढची पायरी आहे आणि ती कॉस्टिंगचा हिशोब पूर्ण झाल्यावरची.

सगळ्या अशा ऑर्डरी एकदम काढायच्या तर टेबलांत शिरायची गरज नाही. सीओओआयएस हा ऑर्डरींच्या यादीचा स्क्रीन उघडा, सिस्टीम स्टेटस डीएलव्ही घ्या आणि टेको वगळा. जी यादी येईल ती संपलेल्या पण बंद न झालेल्या ऑर्डरींची. तीच यादी कॉम्पोनंटच्या रूपात काढली की कुठला भाग किती अडकलाय तेही कळतं. ज्यांना टेबलातूनच बघायचंय त्यांच्यासाठी: स्टेटस जेईएसटी टेबलात असतं. ऑब्जेक्ट नंबर म्हणजे 'ओआर' आणि पुढे बारा अंकी ऑर्डर नंबर. टेकोचा कोड आय००४५, डीएलव्हीचा आय००१२, रिलीजचा आय०००२. त्या ओळीत आयएनएसीटी या रकान्यात खूण असेल तर ते स्टेटस आता लागू नाही, हे विसरलात तर फसाल. मी एकदा फसले होते, टेको मागे घेतलेली ऑर्डर बंद समजून सोडून दिली होती.

डीएलव्ही न आलेल्या ऑर्डरी या यादीतून निसटतात, त्यांच्याकडे वेगळं बघा. समजा २०० पंपांपैकी ४ हायड्रो टेस्टला गळले आणि ते होणारच नाहीत. १९६ जमा झाले. एएफपीओमध्ये ऑर्डरची संख्या २०० आणि आलेले १९६, म्हणून सिस्टीम अजून ४ पंपांची वाट बघते. इथे दुहेरी नुकसान आहे. भागांची खोटी मागणी राहते आणि पंपांची खोटी आवकही राहते, म्हणजे पुढची विक्रीची मागणी आली की एमआरपी ४ पंप कमी बनवायला सांगतो. तुम्हाला कळतं ते डिस्पॅचच्या दिवशी. म्हणून महिनाभर हालचाल नसलेल्या, अर्धवट जमा झालेल्या ऑर्डरी काढून सुपरवायझरला एकेक विचारा, "हे चार होणार आहेत का?" नाही म्हणाले तर टेको.

सीओएचव्ही मधून टेको घाऊक करता येते. पण पहिल्यांदा करताना घाऊक करू नका. दहा ऑर्डरी हाताने करा, दुसऱ्या दिवशी एमडी०४ बघा, कॉस्टिंगला विचारा, मग पुढे जा. डीएलव्ही किंवा टेको लागलं की महिनाअखेरीला त्या ऑर्डरचा डब्ल्यूआयपी (अर्धवट कामाची किंमत) निघून जातो आणि फरक व्हेरिअन्समध्ये (ठरलेल्या आणि झालेल्या खर्चाच्या तफावतीत) पडतो. शंभर ऑर्डरी ३१ तारखेला संध्याकाळी कोणाला न सांगता बंद केल्या, तर कॉस्टिंगवाल्यांची रात्र जागून जाते. ते आपलेच सहकारी आहेत, आधी कळवा.

आणि टेकोच्या आधी पुढची तपासणी झालीच पाहिजे.

सहावी: कोगी

बॅकफ्लशचे भाग कन्फर्मेशन, म्हणजे काम झाल्याची नोंद, टाकताना आपोआप इश्यू होतात. तो इश्यू अडला, की कन्फर्मेशन पुढे जातं पण इश्यूची ओळ एएफएफडब्ल्यू टेबलात पडून राहते. ते टेबल बघायचा आणि दुरुस्त करायचा स्क्रीन म्हणजे कोगी. तिथे ओळ पडलेली असते तोवर भाग साठ्यातून गेलेला नसतो आणि रिझर्वेशनही उघडंच असतं.

अडण्याची कारणं मोजकी आहेत. स्टोरेज लोकेशनमध्ये साठा नाही. बॅच दिलेली नाही. दुसरं कोणी तेच मटेरियल त्या क्षणी लॉक करून बसलं होतं, अशी ओळ नुसती पुन्हा प्रोसेस केली तरी जाते. किंवा पोस्टिंगची तारीख बंद झालेल्या महिन्यातली आहे.

हे शेवटचं कारण मी ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर चांगलं अनुभवलं. कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, सांगलवाडीकडची आमची माणसं घरं सोडून निघाली होती, कारखान्यात जी चार-दोन पोचली त्यांनी जमेल ते काम केलं आणि कागदावर लिहून ठेवलं. कन्फर्मेशनं नंतर एकदम टाकली गेली. माल कुठला आधी आला, कुठला नंतर लागला, याचा क्रम राहिला नाही. कोगीत पानंच्या पानं ओळी साचल्या. त्यातल्या काही सप्टेंबरचा महिना उलटल्यावर हाताशी घेतल्या, तोवर पिरियड बंद. त्या ओळींची पोस्टिंग तारीख चालू महिन्याची करून एकेक पुढे ढकलावी लागली, आणि प्रत्येक वेळी कॉस्टिंगची परवानगी घेऊन. त्या काळात कोणाकडून वेळेवर नोंदीची अपेक्षा करणं शक्यच नव्हतं. पण इतर दिवशी कोगी रोज सकाळी रिकामी करणं शक्य असतं आणि ते केलंच पाहिजे. आदल्या दिवशीची ओळ सुटायला पाच मिनिटं लागतात. तीन महिन्यांपूर्वीची ओळ सुटायला तेव्हा ड्यूटीवर असलेला माणूस शोधावा लागतो.

एक ओळ अशी भेटते की ती कधीच सुटत नाही. भाग बॅकफ्लशचा होता, तरी स्टोअरने तो हातानेही इश्यू केला. आता साठा खरोखर संपलाय आणि बॅकफ्लश तोच माल दुसऱ्यांदा मागतोय. अशा वेळी ओळ जावी म्हणून ५६१ ने (सुरुवातीचा साठा चढवायच्या नोंदीने) साठा चढवू नका. तो माल जगात कुठेच नाही, पुढच्या फिजिकल मोजणीत तो फरक तुमच्या नावावर येईल. आधी एमबी५१ मध्ये हाताचा इश्यू शोधा. सापडला तर तो २६२ ने उलटवा आणि मग कोगीची ओळ प्रोसेस करा.

कोगीत ओळ असताना ऑर्डर टेको करू नका, असं मी आमच्याकडे सगळ्यांना सांगून ठेवलंय. मागणी स्क्रीनवरून जाते, मन हलकं होतं, पण वापरलेल्या मालाचा खर्च ऑर्डरवर आलेला नसतो आणि साठा खोटा जास्त दिसत राहतो. मग पुढच्या महिन्यात उलटा आजार सुरू होतो: माल नाही, तरी एमआरपी गप्प.

सातवी: जुना फोरकास्ट

मागच्या महिन्यांच्या प्लॅन्ड इंडिपेंडंट रिक्वायरमेंट, म्हणजे फोरकास्टच्या मागण्या, पीबीआयएम आणि पीबीईडी या टेबलांत राहतात. विक्री झाली नाही तर त्या खपत नाहीत, आणि त्यांच्यापोटी पंपाच्या प्लॅन्ड ऑर्डरी, त्यांच्यापोटी बेअरिंगची मागणी अशी साखळी लागते. एमडी०४ मध्ये जुन्या तारखेची ओळ डेपरेक असेल, तर वर पंपाकडे जाऊन फोरकास्ट बघा. एमडी७४ जुन्या मागण्या जुळवून घेतो, एमडी७५ त्या काढतो. आधी टेस्ट रन, आणि किती दिवसांमागचं काढायचं ते सेल्सशी बोलून. आमच्याकडे सेल्सने एकदा सांगितलं होतं, की मागच्या महिन्याचा फोरकास्ट अजून जिवंत आहे, गिऱ्हाइकाने फक्त उचल लांबवलीय.

आठवी: मागणी गेली, पीआर गेली नाही

ऑर्डर टेको केली, मागणी गेली, तरी पीआर तिथेच असेल तर तिच्यापुढे तारा आहे का बघा. कोणीतरी हाताने तारीख किंवा संख्या बदललेली पीआर फर्म होते. एमआरपी तिला हात लावत नाही, फक्त २० नंबरचा एक्सेप्शन मेसेज देतो, म्हणजे ही रद्द करा. ती हातानेच काढावी लागते. प्लॅन्ड ऑर्डरचंही तसंच.

तारा नसेल तर एमडी०३ ने त्या एका मटेरियलचा एमआरपी चालवा. तेवढ्याने जाते. रात्रीचा रन नेट चेंजचा (फक्त बदल झालेल्या मटेरियलांचा) असेल तर तो प्लॅनिंग फाइलमध्ये नोंद असलेलीच मटेरियलं घेतो. जुन्या आवृत्तीत ती फाइल एमडीव्हीएम टेबलात असते, एस/४हानात पीपीएच_डीबीव्हीएम मध्ये. एमडी२१ मध्ये नोंद दिसत नसेल तर एमडी२० ने करता येते. संपूर्ण प्लांटचा रीजनरेटिव्ह रन (सगळ्या मटेरियलांचा नव्याने हिशोब) दिवसा, कामाच्या वेळेत चालवू नका, एका बेअरिंगसाठी तर नाहीच.

नववी: बीओएम

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि मागणीच अवाच्या सवा असेल, तर सीएस०३ या बीओएमच्या स्क्रीनमध्ये बेस क्वांटिटी बघा. ती एसटीकेओमध्ये असते. एसटीपीओमधली भागाची संख्या त्या बेस क्वांटिटीसाठी असते. १०० पंपांना २०० बेअरिंग असं लिहिलेल्या बीओएमची बेस क्वांटिटी कोणी १ केली, तर एका पंपाला २०० बेअरिंग होतात. बीओएमला हात डिझाइनवाल्यांनी लावायचा, आपण फक्त दाखवायचं.

इथे थांबा

ऑर्डर नंबर आरईएसबीमध्ये आहे, पण सीओ०३ मध्ये ती ऑर्डर उघडतच नाही. किंवा ऑर्डर टेको आहे, जेईएसटीमध्ये आय००४५ लागू आहे, कोगी रिकामी आहे, तरी एमडी०४ मागणी दाखवतोच. किंवा एसएम१३ मध्ये अर्धवट राहिलेले अपडेट दिसतात. हा टेबलांमधला मेळ तुटल्याचा प्रकार आहे, आणि तो प्लॅनरने सोडवायचा नाही. तुमच्या बेसिसच्या (सॅप सर्व्हर सांभाळणाऱ्या) माणसाला किंवा पीपी कन्सल्टंटला बोलवा, गरज पडली तर ते सॅपकडे तिकीट टाकतील. असा मेळ जुळवायचे कंपनीचे ठरलेले रिपोर्ट असतात, ते आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघायचे असतात.

कोणी म्हणेल, आरईएसबीतली ती एकच ओळ टेबलातून थेट बदलून देतो, दोन मिनिटांचं काम. नाही म्हणा, तो कितीही अनुभवी असला तरी. एका रिझर्वेशनच्या मागे ऑर्डर, स्टेटस, कपॅसिटी आणि खर्च अशा कितीतरी टेबलांच्या ओळी बांधलेल्या असतात. थेट बदलाने त्यातली एकच बदलते. सीडीएचडीआर आणि सीडीपीओएस या टेबलांत बदलाची नोंदही राहत नाही, मग सहा महिन्यांनी ऑडिटर विचारतो तेव्हा उत्तर देता येत नाही.

बोलावण्याआधी एवढं काढून ठेवा: मटेरियल, प्लांट, ऑर्डर नंबर, रिझर्वेशन नंबर आणि त्यातली ओळ, एमडी०४ चा स्क्रीन तारीख-वेळेसकट, जेईएसटीच्या त्या ऑर्डरच्या सगळ्या ओळी, आणि एमबी५१ ची यादी. आमच्याकडे हा कागद तयार असला तर कन्सल्टंट फोनवरच कामाला लागतो, नसला तर पहिला दिवस हेच गोळा करण्यात जातो.

सीओओआयएसची ती यादी आता आम्ही दर शनिवारी दुपारी जेवणानंतर काढतो. मी, असेंब्लीचे सुपरवायझर आणि स्टोअरचे काका. ऑर्डर वाचायची, ते दोघं "झाली" म्हणाले आणि कोगी रिकामी असली की टेको.